डोंगरात बंद ठेवलेला फोन

नवरा डोंगरात जायला लागेपर्यंत फोनची बॅटरी ही जपायची गोष्ट असते हे मला माहीत नव्हतं. रात्री फोन चार्जिंगला लावायचा, सकाळी काढायचा, एवढाच माझा तिच्याशी संबंध. त्याने मात्र त्या हिवाळ्यात ती तळहाताच्या फोडासारखी जपली. माझ्यापेक्षा त्या चपट्या तुकड्याचे लाड जास्त होतात, असं मी मैत्रिणींना हसत सांगायचे. हसू वरवरचंच होतं. त्या वर्षी माझं सगळंच वरवरचं होतं.

आम्ही दुबईत अल कुसैसला राहत होतो. तो बांधकाम कंपनीत होता. इमारतीला सिमेंट किती लागेल, सळ्या किती, माणसं किती, याचा आधी अंदाज बांधायचा, हे त्याचं काम. दोन हजार आठच्या शेवटी इमारतीच उभ्या राहायच्या थांबल्या, तेव्हा अंदाज कशाचा बांधणार? काही महिन्यांनी कंपनीने त्याला बिनपगारी रजेवर पाठवलं. काढून टाकलं नाही. व्हिसा कंपनीचाच राहिला, कंपनीने दिलेला स्मार्टफोनही त्याच्याकडेच राहिला. नवीन काम आलं की आम्ही फोन करू, फक्त फोन चालू ठेवा, एवढं त्याला सांगण्यात आलं. मी आणि आमची अकरा वर्षांची मुलगी त्याच्याच व्हिसावर होतो. म्हणजे तो एक फोन आला तर आम्ही राहणार, नाही आला तर कधीतरी सामान बांधून पुण्याला जाणार. मी जवळच्या नर्सरीत शिकवत होते, त्यात घरखर्च कसाबसा निघायचा, बाकीचं शिलकीतून.

फोन चालू ठेवा म्हटल्यावर त्याने तो खरोखर चालू ठेवला. आंघोळीला जाताना बेसिनवर, जेवताना ताटाशेजारी, झोपताना उशीजवळ. मिटिंगमध्ये माणसं ठेवतात तसा पालथा नाही, उताणा. मी भाजी चिरत असले आणि फोन वाजला तर माझा हात थांबायचा. बहुतेक वेळा बँकेचं कार्ड विकणारी एखादी मुलगी असायची. तो तिच्याशी फार अदबीने बोलायचा, कारण पहिल्या दोन वाक्यांत त्याला वाटत असायचं की ही कंपनीतलीच कोणी असेल.

परत जायचं का, हा विषय आमच्या घरात कोणी काढला नाही. खालच्या सुपरमार्केटच्या फळ्यावर देश सोडून जाणाऱ्यांच्या चिठ्ठ्या लागायच्या, सोफा विकणे आहे, मुलाचा पलंग विकणे आहे. आम्ही दोघं दूध घेऊन त्या फळ्यासमोरून जायचो आणि दोघंही त्याच्याकडे बघायचो नाही. एकदा मी अशाच एका बाईकडून मिक्सर आणला. तिने कागदात गुंडाळून दिला, सगळी भांडी नीट आहेत ना ते दोनदा बघायला लावलं आणि तिचे डोळे भरून आले. मला काहीच वाटलं नाही. घरी येऊन मी त्यात चटणी वाटली. त्या काळात मला कशाचंच फारसं काही वाटायचं नाही, ना रडू यायचं ना राग. दिवस उजाडायचा, डबा भरायचा, मुलीची बस यायची. तो गॅलरीत उभा राहून बसला हात करायचा आणि मग तिथेच उभा राहायचा.

अशात आमच्या शेजाऱ्यांनी त्याला बाहेर ओढायचं मनावर घेतलं. हे गृहस्थ बँकेत कॉम्प्युटर सांभाळायचे. त्यांचं तरुणपण सह्याद्रीतले गड चढण्यात गेलेलं, त्यामुळे सपाट जमिनीवर फार दिवस राहिले की त्यांची चिडचिड व्हायची. रास अल खैमाच्या पुढे उघडेबोडके डोंगर आहेत, तिथे ते दर शुक्रवारी दोन मित्रांना घेऊन जायचे. वहिनी, ह्याला माझ्याबरोबर पाठवा, घरात बसून हा आंबेल, असं त्यांनी मला त्याच्या तोंडावरच सांगितलं. तो म्हणाला, फोन आला तर? शेजारी म्हणाले, शुक्रवारी तुझा शेख तरी फोन करेल का? शेवटी तो गेला.

त्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी तो परतला तो पांढराफटक चेहरा घेऊन. मला वाटलं, पडला की काय. फोन बंद पडला होता. सकाळी पूर्ण भरलेली बॅटरी, दिवसभरात एकही फोन नाही, आणि दुपारीच सगळी संपलेली. बुटांसकट तो प्लगशेजारी जमिनीवर बसला आणि स्क्रीन उजळेपर्यंत हलला नाही. काहीही आलेलं नव्हतं. शेजारी दारात उभे राहून म्हणाले की दरीत रेंज नसते, फोन बिचारा दिवसभर टॉवर शोधत फिरतो आणि त्यातच दमतो. शिवाय ओमानची हद्द इतकी जवळ की मधूनच तिकडचं नेटवर्क पकडतो, ओमानमध्ये आपले स्वागत आहे म्हणतो आणि पुन्हा सोडतो. पकडापकडीचा खेळच सगळा.

दुसरा कोणी असता तर पुन्हा गेला नसता. हा मात्र कामाला लागला. कित्येक महिन्यांनी त्याला अंदाज बांधायला काहीतरी मिळालं होतं. कोणती गोष्ट किती बॅटरी खाते ते त्याने घरी एकेक करून तपासलं. स्क्रीनचा उजेड अगदी कमी केला. मुलीचा फोटो काढून तिथे काळी पाटी लावली. ब्लूटूथ बंद, इंटरनेट बंद, थरथर बंद, बटणांचे आवाज बंद. नकाशा फोनवर बघायचा नाही, घरून कागदावर काढून न्यायचा. टॉर्च वेगळी न्यायची. देऱ्याच्या जुन्या बाजारातल्या एका बोळातून त्याने जादा बॅटरी आणली. ती अस्सल आहे की नाही यावर दुकानदाराशी अर्धा तास घातला आणि घरी येऊन पुन्हा माझ्याशी घातला. डोंगरात रात्री गारठा पडतो आणि गारठ्यात बॅटरी उतरते, म्हणून ती लोकरी मोज्यात घालून झोपायच्या पिशवीत पोटाशी घ्यायची. दिवसा उलट, दगडाच्या सावलीत ठेवायची, खिशात तापू द्यायची नाही. हे सगळं तो मला जेवताना सांगायचा. मी हं हं करायचे. तो बोलतोय हेच मला पुरे होतं.

पण खरी युक्ती वेगळीच होती. दरीत चारही जणांनी आपापले फोन बंद करून टाकायचे. चार फोन एकाच वेळी टॉवर शोधत असतील तर चारही मरणार. त्याऐवजी सकाळी अकरा आणि दुपारी चार अशा दोन वेळा ठरवायच्या. त्या वेळी जवळच्या डोंगरधारेवर, जिथे रेंज मिळते तिथे चढायचं आणि पाळीप्रमाणे एकाचाच फोन उघडायचा. आम्हा बायकांना आधीच सांगून ठेवलेलं असायचं की उद्या अकराला अमक्याचा फोन, चारला तमक्याचा. काही कळवायचं असेल तर त्या नंबरवर मेसेज टाकायचा. घरी सगळं ठीक असलं की ते एक मिस्ड कॉल द्यायचे आणि फोन पुन्हा बंद. शेजाऱ्यांची बायको याला बँकेची कॅश काढायची वेळ म्हणायची. चेष्टा व्हायची, पण पद्धत चालली. मग ते मुक्काम करायला लागले, शुक्रवारी सकाळी जायचे आणि शनिवारी संध्याकाळी यायचे. त्याची कंपनी शनिवारी एक वाजेपर्यंत उघडी असायची, म्हणून शनिवारची अकराची पाळी तो कायम स्वतःकडे ठेवायचा. आठवड्यातले बाकीचे दिवस फोन त्याच्या हातातच असायचा.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दहाच्या सुमारास माझा फोन वाजला. नर्सरीला सुट्टी होती, मी धुतलेले कपडे वाळत घालत होते. कंपनीच्या एचआरमधला माणूस होता. अबुधाबीजवळ मुसफ्फाला त्यांच्या यार्डात एक जागा निघाली होती. पगार आधीपेक्षा कमी, आणि राहायचं तिथेच, कंपनीच्या खोलीत, घरी फक्त शुक्रवारी. रविवारी सकाळी हजर व्हायचं.

"मॅडम, सर का फोन स्विच ऑफ है. एक बजे ऑफिस बंद. उसके पहले हाँ या ना बोल दो, नहीं तो मैं दूसरे को बुलाता हूँ, और सर का वीजा भी कॅन्सल में जाएगा. इन्शाल्ला हाँ ही होगा."

मी म्हटलं, अकराला सांगते. त्याने सांगितलं, सर नाही भेटले तर तुम्ही सांगितलं तरी चालेल. फोन ठेवून मी आधी उरलेले दोन टॉवेल वाळत घातले. नऊ महिने ज्या फोनची वाट बघितली तो आला होता आणि माझ्या आत काहीही हललं नाही. मग मी मेसेज लिहिला. जागा, पगार, खोली, शुक्रवार, एक वाजता. शेवटी लिहिलं, काय सांगू ते लगेच कळव. माझ्या साध्या फोनमध्ये एक सोय मी चालू करून ठेवली होती. मेसेज समोरच्याच्या फोनवर पोचला की माझ्याकडे पोचल्याची सूचना यायची. त्याचा फोन बंद, त्यामुळे मेसेज मध्येच कुठेतरी थांबून राहिला.

अकरा वाजले. मिस्ड कॉल आला नाही. सव्वा अकरा वाजले. शेजाऱ्यांची बायको दार वाजवून आली, त्यांच्याकडेही काही नव्हतं. ती म्हणाली, धारेवर चढायला उशीर झाला असेल. मी तिला चहा विचारला. तिने नको म्हटलं तरी केला, कारण हातांना काहीतरी हवं होतं. मुलगी सोफ्यावर पाय वर घेऊन गृहपाठ करत होती आणि अर्धे कान आमच्याकडे होते. मला भीती वाटत होती का? वाटायला हवी होती. माझं सगळं लक्ष फोनच्या त्या बोटभर पडद्यावर होतं आणि डोकं बधिर.

पावणेबाराच्या सुमारास फोन टणकन वाजला. मेसेज पोचला होता. मी फोन हातात घेऊन उभी राहिले. आता वाचेल, आता लिहील. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी त्याला फोन लावला तर पुन्हा बंद. मुलीने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"डिलिव्हर्ड मीन्स ही गॉट इट, आई."

मी म्हटलं, मला माहितेय, तू अभ्यास कर. शेजाऱ्यांची बायको म्हणाली, अगं, नेमकी बॅटरी गेली असेल. मी मान डोलावली. पण ती बॅटरी कोण सांभाळत होतं ते मला ठाऊक होतं. एकवेळ तो स्वतः उपाशी राहिला असता.

एक वाजायला पाच मिनिटं असताना मी कंपनीला फोन केला. त्याआधीचा सगळा वेळ मी ओट्याशी उभी होते. विचार करत होते असं म्हणवत नाही, कारण डोक्यात एकच चित्र पुन्हा पुन्हा येत होतं. फोन संपला म्हणून बुटांसकट जमिनीवर बसलेला तो. ज्याने या एका फोनसाठी नऊ महिने धड झोप घेतली नाही, त्याच्या वतीने मी नाही कसं म्हणणार? त्याला काय हवंय हे त्याला विचारायची गरजच काय? मी म्हटलं, "सर हाँ बोल रहे हैं." तो म्हणाला, खलास, म्हणजे ठरलं, रविवारी सकाळी आठ वाजता, पासपोर्टची कॉपी आणा. मग मी मुलीला आमटी-भात वाढला.

चारला शेजाऱ्यांच्या फोनवरून मिस्ड कॉल आला. सगळे सुखरूप होते. सूर्य मावळायच्या आत ते परत आले. शेजारी जिन्यातूनच मोठमोठ्याने हसत आले. झालं असं होतं की त्यांचं घड्याळ शुक्रवारीच दगडावर आपटून बंद पडलं होतं. फोन सगळे बंद, म्हणजे वेळ बघायला उरलं एकच घड्याळ, माझ्या नवऱ्याच्या मनगटावरचं. आणि ते तो कायम भारताच्या वेळेवर ठेवायचा. पुण्याला त्याच्या आईचं जेवण, दुपारची झोप, संध्याकाळचा दिवा, हे सगळं बघून फोन करता यावा म्हणून. इथली वेळ त्याला फोनवर दिसायचीच. सकाळी शेजाऱ्यांनी विचारलं किती वाजले, याने घड्याळ बघून अकरा सांगितले. खरे वाजले होते साडेनऊ. सगळे धापा टाकत धारेवर चढले, फोन उघडला, घाईत त्यावरच्या वेळेकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, मेसेज काही नव्हता, मिस्ड कॉल देणार तर नेमकी रेंज गेली. फोन बंद केला आणि खाली उतरले. वहिनी, तुमचा नवरा अंगाने दुबईत आणि मनगटाने कोथरूडमध्ये, असं म्हणून शेजारी पुन्हा हसले. त्यांच्या बायकोने त्यांना कोपर मारलं आणि मुसफ्फाचं सांगितलं. त्यांनी याला मिठी मारली, पाठ थोपटली, पार्टी पाहिजे म्हणाले. हा हसला. माझ्याकडे न बघता हसला.

ते गेल्यावर मी त्याला सगळं नीट सांगितलं. पगार, खोली, शुक्रवार. त्याने ऐकून घेतलं आणि बरं म्हणाला. मुलगी त्याला बिलगली. त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि आंघोळीला गेला. फोन टेबलावर पडून होता. बाथरूममध्ये न नेता तो आंघोळीला गेला हे मला तेव्हाच दिसलं. मी फोन चालू केला. बॅटरीच्या सगळ्या रेघा जवळजवळ पूर्ण होत्या. मेसेजच्या यादीत माझ्या मेसेजसमोरचं पाकीट उघडं होतं, म्हणजे मेसेज वाचलेला होता. मी फोन बंद करून होता तसा ठेवला आणि त्याचे शर्ट काढले.

सकाळी त्याला साडेपाचला निघायचं होतं. शेजाऱ्यांनी त्यांची गाडी दिली होती. मी पाचला उठून पोळ्या केल्या, त्याने दाढी केली. बॅग दाराशी होती. शेवटचा शर्ट इस्त्री करताना मी मागे न वळता विचारलं.

"मेसेज पोचला होता ना तुला?"

तो बुटांच्या नाड्या बांधत होता. म्हणाला, हो. घड्याळाचा घोटाळा खाली उतरल्यावर त्याच्या लक्षात आला होता. इतरांना बसवून तो एकटाच पुन्हा वर चढला होता. वर रेंज चांगली होती.

"मग उत्तर का नाही दिलंस?"

त्याने दुसऱ्या बुटाची नाडी ओढून बांधली. 

"मला वाटलं, तू त्यांना नाही म्हणून सांगशील."

इस्त्री हातातच होती. शर्ट जळेल म्हणून मी ती उभी केली. त्याच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. पाऊस येईल असं वाटलं होतं, आला नाही, असं कोणी सांगावं तसं त्याने ते सांगितलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी लागलं, छातीत, अगदी स्पष्ट. कारण तेव्हाच मला कळलं की मलाही तेच हवं होतं. त्या फळ्यावर आपलीही चिठ्ठी लागावी, कोणीतरी येऊन आपला सोफा घेऊन जावा, आणि हे सगळं एकदाचं संपावं. मी हो म्हटलं ते त्याच्यासाठी. तो नऊ महिने फोन जपत होता तो आमच्यासाठी. डोंगरावर बसून त्याने मला एक तास दिला होता, आणि मी त्या तासात त्याच्या मनातलं म्हणून भलतंच सांगून टाकलं होतं.

"मग नको जाऊस," मी म्हटलं. "आत्ता फोन करू. परत जाऊ आपण."

तो उठला, शर्ट माझ्या हातातून घेतला, अंगात घातला, वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावली.

"आता हो सांगितलंयस ना," तो म्हणाला, आणि बॅग उचलून मुलगी उठायच्या आत निघून गेला.

मुसफ्फाला तो सात वर्षं राहिला.